उत्तरेकडच्या खिडकीची काच

बाबा,

समोरच्या खोलीची काच फुटली. वानराने फोडली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि इतक्या वर्षांनी कळवायची बातमी काय, तर काच. बाहेर पुष्कळ घडलं. इंग्रज गेले. तुम्ही मध्यप्रांतात वारलात, मी मध्यप्रदेशात चाळिशी गाठली आणि आता नागभीडच्या याच घरात, बसल्या जागी, मुंबई राज्यात आले आहे. मुंबईला ते अजून कळलेलं दिसत नाही. पण या घरापुरतं म्हणाल तर एवढी मोठी घटना दुसरी झाली नाही. मोहाची फुलं संपली की वानरं गावात उतरतात, तशी यंदाही उतरली. एक हुप्प्या खिडकीच्या ओट्यावर येऊन बसला. दुधी काच आतून खरखरीत आणि बाहेरून गुळगुळीत, तुम्हीच तशी बसवलेली. तिच्यात त्याला दुसरा हुप्प्या दिसला. त्याला तो सहन झाला नाही. जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्याने एका फटक्यात केलं आणि छपराच्या कवेलूंवरून निघून गेला.

ती काच बसली तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. नवरा जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्याच्या आदल्या आठवड्यात दारासमोरून एक वरात गेली होती आणि मी याच खिडकीत उभी होते. वरातीतल्या एका बाईने मला पाहिलं, बैलांची बंडी थांबवली आणि मोठ्याने म्हणाली, "हिले आत घ्या कोणी, मंग आमी जाऊ." तुम्ही ओसरीवर होता. गावभर मोठे गुरुजी म्हणून तुमचा दरारा. तुमच्या नुसत्या खाकरण्याने चौथीचा वर्ग गप्प व्हायचा. तुम्ही त्या बाईला एक शब्द बोलला नाहीत. आत येऊन मला म्हणालात, "चल, आत चल." पुढच्या आठवड्यात तुम्ही चांद्याहून काच आणलीत. त्या बाईच्या तोंडाला काही तरी लावायला हवं होतं, बाबा. तुम्ही माझ्या खिडकीला लावलंत.

सुताराने झडपा काढल्या आणि जागेवर अख्खी चौकट ठोकली, उघडायची सोयच नाही. मी स्वयंपाकघरात बसले आहे. समोर परात आहे, परातीत शाळेचा कुटलेला खडू आणि त्यात जवसाचं तेल. काच चौकटीत पक्की करायची लांबी मळायची आहे. "कणकेसारखी घट्ट मळ," तुम्ही दारातून सांगता, "बोटाला चिकटता कामा नये." मी मळते आहे. माझ्याच काचेची लांबी मी मळली, आणि चांगली मळली, हे लिहायला मला अजिबात लाज वाटत नाही; इतकी वर्षं टिकली ती, वानर येईपर्यंत. मी तुम्हाला विचारलं होतं, ही काच कशाला. तुम्ही म्हणालात, "तुझ्या डोळ्यांना त्रास नको." त्याच महिन्यात शाळेच्या मोठ्या खोलीत तुमचं स्त्रीशिक्षणावर भाषण झालं. लोक सांगतात, फार सुंदर झालं. मला कसं कळणार, मी दुधी काचेच्या आत होते.

लांबी भरून झाल्यावर मी काचेवरची चिकटलेली पूड बोटाने काढायला गेले. बोटाला तेल होतं. जिथे बोट लागलं तिथे काच गेली. म्हणजे काच होती तिथेच होती, पण दूध गेलं, आणि बोटाएवढ्या जागेतून मला एका बैलाचं शिंग दिसलं, त्याला बांधलेला लाल गोंडा दिसला आणि मग रस्ता. दुधी काचेची खरखरीत बाजू ओली झाली की ती पारदर्शक होते. तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून तर तुम्ही ती बाजू आत घेतलीत. बाहेर ठेवली असती तर पावसाळ्यात साऱ्या रस्त्याला मी दिसले असते. तुम्ही पावसाचा विचार केलात. माझा नाही. माझ्या हातात ओलं फडकं असू शकतं, हे तुमच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवसापासून मी रोज काच पुसायला लागले. पाणी लगेच वाळायचं, म्हणून कधी कधी फडक्याला थोडं जवसाचं तेल. एकदा शाळा तपासनीस जेवायला आले होते. तुम्ही त्यांना कौतुकाने म्हणालात, "आमच्या मुलीसारखी काच गावात कोणी पुसत नाही. स्वच्छतेची आवड आहे तिला." ते मान डोलावतात, मी पोळी वाढते. आयुष्यात तुम्ही चारचौघांत माझी स्तुती केलीत ती एवढीच. मी या काचेतून काय काय पाहिलं याची तुम्हाला कल्पना नाही. तुमचे ते आदरणीय मित्र रस्त्याच्या कडेला उभे राहून आधी इकडेतिकडे बघून मग आपल्या दारात यायचे, आणि इकडेतिकडे बघताना नाकात बोट घालायचे. पुढे मी नागपूरच्या साप्ताहिकांतून लोकांच्या खोड्या काढायला लागले तेव्हा लोक म्हणाले, गुरुजींनी दौत-टाक दिला, पुस्तकं आणून दिली, एकांत दिला, म्हणून ही लिहिती झाली. पुस्तकं तुम्ही दिलीत, ते खरं आहे, आणि ते मी कुठेही कबूल करीन. एकांत दिलात असं कोणी म्हटलं की मी त्याला विचारते, तुम्हाला हवा आहे का, आमच्याकडे चौकट आहे.

आता यंदाचं सांगते. तुमच्या मुलाची मोठी मुलगी, जिला तुम्ही पाहिलं नाही, ती पौषात घरी परत आली. नवरा हिवतापाने गेला. वय म्हणाल तर माझं होतं तेवढंच. काच फुटली त्या दिवशी तुमचा मुलगा चौकटीला पोतं ठोकून मला म्हणाला, "बाई, तू चांद्याले जाऊनच राह्यली तं दुधी काच घेऊन ये. वरातीच्या आधी बसली पायजे." वरात पलीकडच्या आळीतली. नवरी म्हणजे आमच्या पोरीची मैत्रीण, चौथीपर्यंत दोघी एका पाटीवर लिहायच्या. लग्न लागलं की नवरा-नवरीची बंडी आपल्याच दारावरून स्टेशनाकडे जाणार. मी त्याला म्हटलं, दुधी कशाला. तो म्हणाला, ऊन येतं. आपली खिडकी उत्तरेला आहे, बाबा. ऊन त्या खिडकीत आजवर आलेलं नाही. आलं तर वर्तमानपत्रात छापावं लागेल. मग म्हणाला, धूळ येते. मी म्हटलं, धूळ काय दुधी काचेला घाबरते का. मग तो गप्प झाला. गप्प झाला की तो हुबेहूब तुमच्यासारखा दिसतो.

चांद्याच्या दुकानदाराने काचा एकेक करून भिंतीला टेकवून उभ्या केल्या. आधी रंगीत. लालमधून पाहिलं तर बाजार पेटलेला, निळीतून पाहिलं तर बुडालेला. मग फुलांच्या नक्षीची; ती दुधीचीच बहीण, नटून आलेली. मग रेघांची, तिच्यातून रस्त्यावरचा एक माणूस चार दिसत होता, आणि आमच्या नागभीडात आहेत तेवढी माणसं पुरेत. दुधी त्याने शेवटी काढली आणि प्रेमाने म्हणाला, "घरी बायामाणसं असतीन तं हेच घेऊन जा बाई, सब लोग हेच नेतात." मी साधी मागितली. साधी काच सगळ्यात सोपी असं वाटतं ना? मुळीच नाही. साध्या काचेत जितक्या खोड्या तितक्या कशातच नाहीत. कुठे बुडबुडा, कुठे लाट. काच उभी धरायची, तिच्यातून समोरचा विजेचा खांब पाहायचा आणि डोकं हळूहळू हलवायचं. खांब सरळ राहिला तर काच चांगली. सापासारखा वळवळला तर ठेवून द्यायची, नाही तर गावातल्या प्रत्येकाचं तोंड जन्मभर वाकडं दिसतं. ते काम मी कागदावर करते, तिथे काचेची मदत लागत नाही. मी एकामागून एक नापसंत करत गेले तसा दुकानदार वैतागला. "बाई, खिडकीले लावाची आहे का चष्म्याले?" मी म्हटलं, "चष्म्यालेच समजा." अखेर एकीतून खांब खांबासारखा दिसला. ती त्याच्याकडून चौकटीपेक्षा किंचित लहान कापून घेतली, चारी बाजूंनी तांदळाच्या दाण्याएवढी फट राहील अशी, कारण आपलं सागवान पावसाळ्यात फुगतं आणि काचेला दाबतं. तुम्ही घट्ट बसवली होती, म्हणून पहिल्याच श्रावणात कोपऱ्यात तडकली. तुम्ही सगळंच घट्ट बसवायचात.

छोट्या रेल्वेगाडीत मी ती भाताच्या तणसात गुंडाळून, वर जुनं लुगडं बांधून, दोन गुडघ्यांत धरून बसले. समोर मूल गावाकडची एक म्हातारी होती. बराच वेळ पाहून तिने हात जोडले आणि विचारलं, कोणत्या देवाचा फोटो आहे. मी म्हटलं, नुसती काच आहे, देव नाई. ती म्हणाली, "मंग बसवजो बाई एखादा. रिकामी बरी नाई दिसत."

घरी आल्यावर तणस बाजूला झालं आणि तुमच्या मुलाने काचेतून पलीकडे माझे पाय पाहिले. आरडाओरडा त्याने केला नाही. तो आपल्या घराचा रिवाजच नाही.

"दुधी काऊन नाई आणली?"

"संपली होती असं सांगू, का खरं सांगू?"

"बाबांनं लावली होती, ते का येडे होते?"

"येडे नव्हते. म्हणून तं राग आहे."

तो खाली बसला. मग जे बोलला ते मात्र खोटं नव्हतं. म्हणाला, "वरातीतले लोकं पोरीले पाहतीन. कोणी काही बोललं तं तिले लागन, बाई. तुले नाई लागणार, तुह्या तोंडाले सारे भेतात." तुम्हीही त्या दिवशी हाच हिशेब केला असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. समजलं म्हणून पटलं असं नाही. मी म्हटलं, "मले मागून जे लागलं, तेव्हा तं मधात काच होती. बाबांनं एवढी महागाची काच लावली, तरी लागलंच. काचेनं बोलणं थांबत नाई रे. फक्त बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाई, आन मंग सारं गावच बोलून राह्यलं असं वाटते."

तो म्हणाला, काच तुझ्यासाठी आहे का तिच्यासाठी, ते तरी नीट ठरव. हे मला टोचलं. मी उत्तर देणार तेवढ्यात आतून पोरगी आली. तिच्या हातात परात होती, लांबी मळता मळता ती उठून आली होती. तिने आम्हा दोघांकडे पाहिलंही नाही, काचेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ते माही मैत्रीण आहे. मले तिले पाहाचं आहे. तिनं मले पाहिलं तं पाहू दे." मग परत आत जाऊन मळायला लागली. तुमच्या मुलाने उठून स्वतः पोतं काढलं. सुताराला बोलावलं नाही. काच त्यानेच बसवली, आणि मी सांगितलेली फट चारी बाजूंना दोनदा तपासून पाहिली.

वरात परवा गेली. पुढे डफडं, सनई, मागे बाया, मग सजवलेली बंडी. पोरगी खिडकीत उभी, काचेला जवळजवळ नाक लावून. काही बायांनी पदर ओढले, एकीने दुसरीच्या कानात काही सांगितलं. नवरीशेजारी बसलेल्या करवलीने नवरीच्या डोळ्यांवर हात धरला. नवरीने तो हात बाजूला केला. तिने आमच्या पोरीकडे पाहिलं, कपाळावरच्या मुंडावळ्यांकडे बोट दाखवलं आणि असं काही तोंड केलं की त्या टोचतायत, खाजतायत आणि जीव नकोसा झालाय हे सगळं एकदम कळावं. पोरगी हसली. पौषापासून ती हसली नव्हती. बंडी थांबली नाही.

तेव्हा तुमची काच गेली, बाबा, आणि परत येणार नाही. माझ्या हयातीत तर नाहीच, आणि माझ्यानंतरचं ती पोरगी पाहून घेईल. तिचा स्वभाव माझ्याहून वाईट आहे. मी पश्चात्ताप करीन म्हणून वाट पाहत असाल तर नका पाहू.

हे पत्र कोणत्याच डब्यात पडणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. सनईचा आवाज जवळ आला तेव्हा माझे पाय आपोआप मागे सरले. वरात जाईपर्यंत मी दाराआड उभी होते, आणि जे वर लिहिलं आहे ते दाराच्या फटीतून पाहिलेलं आहे. पोरीने हाक मारली, "आत्या, ये ना, कशी दिसून राह्यली पाय." मी म्हटलं, चुलीवर भाजी आहे, लागेल. चूल पेटवलेलीच नव्हती.