कडूबाचे बैल, रखमाजीची मोट आणि माझं हूं

वाटूर, पौष वद्य पंचमी

राजश्री भालचंद्रराव यांस धर्मराजचा रामराम. दुखवट्याचे वर्ष असल्याने पत्राच्या माथ्यावर श्री घातलेला नाही. आपल्या गुडघ्याला उतार पडला असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल.

तारा गेल्यापासून गाव रोज भेटायला येते. मला तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, पण सुरुवात सापडायला मला वेळ लागतो (आपण जाणताच), आणि तेवढ्यात समोरचा स्वतःचे सुरू करतो.

पहिला आला कडूबा. त्याची आणि रखमाजीची विहीर सामाईक. मोट रखमाजीची, बैल कडूबाचे. आधी पाणी कोणाच्या गव्हाला, यावरून मोट बंद, आणि गहू दोघांचाही पिवळा. कडूबा डोळे पुसून म्हणाला, "काय बोलावं मामा. मामीसारखं माणूस जातं, अन् रखमाजीसारखं राह्यतं." मग दिवेलागणीपर्यंत रखमाजीच. मी हूं म्हणत राहिलो. सकाळी रखमाजी आला. तो थोडा रडला आणि कडूबाच्या बैलांवर घसरला. त्यालाही हूं.

दुसऱ्या दिवशी मोट सुरू. निकाल आपल्याच बाजूने लागला अशी दोघांची खात्री, आणि जिंकलेला माणूस उदार होतो. कडूबा म्हणे, "आधी तू भिजव." रखमाजी म्हणे, "न्हाई, बिलकुल न्हाई, आधी तू." त्यावरून पुन्हा जुंपणार होती, शेवटी एकेक वाफा वाटून घेतला.

तेव्हापासून मामा ऐकून घेतात असा बोभाटा झाला आहे. गोजरबाई आणि तिची सून दोघी वेगवेगळे पिठले घेऊन आल्या (दुखवट्याच्या घरी देतात तसे). दोन्ही खाल्ले, दोघींना हूं म्हटले. आज दोघींनी मिळून एकच पिठले आणले. त्यात मीठ नव्हते. दुसरीने घातले असेल असे प्रत्येकीला वाटले. मी कोणाचे काही मिटवलेले नाही. मिटते कसे, मला समजत नाही.

आपला,
धर्मराज

ता. क. आपल्या सांत्वनाच्या पत्रात दोन ओळी तारासाठी आणि पुढची तीन पाने आपले धाकटे बंधू केशवराव यांच्याविषयी आहेत. त्यावर माझे उत्तर: हूं. केशवरावांचेही पत्र आले. त्यांनाही हेच कळवले आहे.

आणखी ता. क. दोघांनी मिळून यावे. सुरुवात सापडली आहे. लग्नाच्या वर्षी तारा रुसून परतूर स्टेशनाकडे पायी निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली, तिथून ती गोष्ट सुरू होते. आपण काही बोलू नये. मधूनमधून हूं म्हटले तरी पुरे.