पूल कोणी पाहिला?

आष्टी, श्रावण, मंगळवार संध्याकाळ

गावाच्या ग्रुपवर कुणीतरी ‘पूल गेला’ टाकलं आणि सुमनताईंच्या सुनेला बाळंतपणासाठी नेणारी गाडी वाटेतच थांबली. संस्कृतात न पाहिलेल्या भूतकाळाला क्रियापदाचं वेगळं रूप असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र सगळेच साक्षीदार! मी विचारलं, “पूल गेलेला कोणी पाहिला?” पाच जणांनी जोडलेले हात पाठवले. हा प्रश्न आधी कुणालाच का सुचू नये?

शेवटी गजानन दूधवाला बोलला, “भाऊ, मी पुलावरच उभा हाओ. पाणी लय खाली हाय.” फोटोही धाडला. गाडी निघाली.

उद्यापासून नियम: पाहिलं असेल तरच लिहायचं. पाळतील, मी पाळायला लावीन.

आत्ताच सुमनताईंचा फोन आला. “नात झाली, भाऊ! आता हिचाबी फोटो मांगता का?”

मागितला.