आठावर तीन

मॅडम,

आज दुपारी तुमचा फॉर्म हातात आला. नव्या डॉक्टरांनी जुने सगळे फॉर्म संगणकात भरायला सांगितलेत, रोज तीस होतात. आज सव्विसाव्यावर थांबलो. 'वेदना, शून्य ते दहा' या ओळीपुढच्या चौकटीत माझ्या अक्षरात आठ आहे, आणि तो तुम्ही सांगितलेला नाही.

तुम्ही मला कामावर घेतलंत ते माझ्या अक्षरामुळे. नववीत शाळा सुटली होती, इंदापुरात झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. तुम्ही प्रश्नावलीच्या प्रती काढायला आलात आणि मला राहवलं नाही. "मॅडम, यात तीन चुका आहेत." तुम्ही हसून विचारलंत, "मराठीच्या की डॉक्टरकीच्या?" पुढच्या सोमवारी मी तुमच्या जीपमध्ये होतो, मांडीवर फॉर्म, खिशात दोन पेनं. स्तनाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात गेलेल्या बायकांचं दुखणं घरच्या घरी कसं कमी होईल, हा तुमचा अभ्यास. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या गावांत आपण फिरायचो. 'स्तन' हा शब्द मी बिनचूक लिहायचो, पण बायकांसमोर तोंडातून निघायचा नाही. तुम्ही विचारायचात, मी लिहायचो.

नरसिंहपूरजवळच्या वस्तीवरची ती आजी आठवते. तुम्ही तिच्या खाटेवर बसला आहात. "आजी, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही. किती दुखतं?"

"दुखतंय की. आकडा तुमीच टाका बाई, मी काय शाळंत गेली हाय व्हय?"

लेक हसली, आजीही हसली, चौकट रिकामी राहिली. मला रिकामी चौकट बघवत नाही. जीपमध्ये बसल्यावर मी हळूच सहा टाकला. तुम्ही पाहिलंत.

"सहा कुणी सांगितलं?"

"त्यांच्या तोंडाकडं बघून वाटलं."

"तुला दुखत होतं का?"

ड्रायव्हर समोर बघत राहिला. "रिकामी राहिली तर राहू दे," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याच्या दुखण्याचा आकडा आपण नाही सांगायचा." मग सहावर एकच रेघ मारायला लावलीत, शेजारी सही आणि तारीख. खाडाखोड नको, जुना आकडा वाचता आला पाहिजे. माझी रेघ वाकडी आली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टीलची पट्टी आणून दिलीत. ती अजून वापरतो.

अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती हसली होती. ती आठवडी बाजारात बांगड्या भरते. "आकडा कशाला इचारता? बांगडी चढवताना बाई तोंडानं न्हायच म्हणती. मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडं बघती. अंगठा वळला की हात सोडायचा." मी हे तुम्हाला सांगितलं, तुम्ही लगेच वहीत टिपून घेतलंत. पण फॉर्मवर अंगठ्यासाठी चौकट नव्हती.

पुढं तोच आजार तुम्हाला झाला, आणि अभ्यासात तुमचाही फॉर्म आला; तो मीच भरायचो. बारामतीच्या घरात स्वयंपाकघराशेजारी तुमची खाट आहे, उशाशी अभ्यासाच्या अहवालाचे कागद. शेवटचं पान राहिलंय. औषध वाढवलं की झोप येते आणि लिहिता येत नाही, असं तुम्ही सिस्टरना सारखं सांगता. त्या दिवशी सिस्टर फोनवर मोठ्या डॉक्टरांशी बोलत दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "मॅडम, शून्य ते दहा?"

"तीन," तुम्ही म्हणालात. "तीनच लिही."

पंख्याच्या वाऱ्यानं चादर सरकली होती. तुमचा अंगठा पार आत वळलेला होता. "किती म्हणाल्या रे?" सिस्टरनी दारातून विचारलं, आणि मी म्हणालो, आठ. तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

औषध वाढलं. तासाभरानं तुमच्या कपाळावरची आठी गेली. "किती दिवसांनी अशा झोपल्यात," सिस्टर म्हणाल्या. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. सिस्टर अजून शपथेवर सांगतात की औषधानं नाही, आजारानंच. ते मला पटतं. पण शेवटचं पान कोरं राहिलं, त्याबद्दल कुणी काही सांगू शकत नाही. त्या पाच दिवसांत तुम्ही ते लिहिलं असतंत की नुसत्या कण्हत पडला असतात, याचा हिशेब मी अकरा वर्षं करतोय.

आज पट्टी ठेवून आठावर एक रेघ मारली. वर तीन लिहिलं, शेजारी सही आणि आजची तारीख. संगणकातही तीनच भरलं. आठ खाली वाचता येतो. तो राहू दे.

हा कागद फॉर्मला जोडणार नाही, घरी नेऊन पट्टीखाली ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्हाला अंगठ्याचं माहीत होतं, म्हणूनच त्या दिवसांत तुम्ही पाय झाकून ठेवायचात, हे मला कळत होतं. आणि त्या दुपारी वीज गेलेली होती, मॅडम. पंखा बंद होता. चादर मी सरकवली.