फक्त स्तोत्रं, दुसरं काही नाही

रविवार, ५ जानेवारी
चर्चमध्ये रतनने पेटीवर होडीचं गाणं धरलं. मला खोकला आला. बाहेर जाऊन उभा राहिलो. खोकला धुळीचा. मरोळमध्ये सगळीकडे खोदकाम.

बाहेर विचार सुचला. देवाने बायबलमध्ये स्वतः दीडशे स्तोत्रं दिलेली असताना आपण कुणा मास्तरांनी जुळवलेली गाणी का गातो? उपासनेत फक्त स्तोत्रं हवीत. होडीचं गाणं मालनचं आवडतं. नोव्हेंबरमध्ये तिला माती दिली तेव्हाही सगळ्यांनी तेच म्हटलं. त्याचा इथे संबंध नाही.

मंगळवार, ७ जानेवारी
संकल्प: ईस्टरपर्यंत दीडशेच्या दीडशे पाठ. सुरुवात ११७ पासून. दोनच वचनं आहेत.

गोरेगावहून मनालीचा फोन. पप्पा, जेवलात का? हो म्हटलं. काय जेवलो ते आठवेना.

रविवार, १२ जानेवारी
परत खोकला. नंतर पाळकसाहेबांपुढे मुद्दा मांडला. रतन मध्येच म्हणाला, काका, बायबलमध्ये पौलाने स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक प्रबंध, म्हणजे गाणी, असं तिन्ही गा म्हणून लिहिलंय ना? म्हटलं, ती तिन्ही नावं स्तोत्रांचीच. पोरगा पेटी झकास वाजवतो, पण अभ्यास नाही.

पाळकसाहेब म्हणाले, मालनताईंना जाऊन फार दिवस नाही झाले, जरा दमाने घ्या. विषय काय, बोलतात काय!

गुरुवार, १६ जानेवारी
११७ अजून चालू. घाई करून उपयोग नाही.

मनालीला फोनवर सगळे मुद्दे ऐकवले. म्हणाली, मम्मीचं गाणं ऐकवत नाही, असं सरळ सांगा ना पप्पा. पोरगी एम.कॉम. आहे, पण थिऑलॉजीत कच्ची. मला काही वाटत नाही. खरंच नाही. सकाळी दूध उतू गेलं, तेही बघत उभा राहिलो.

रविवार, १९ जानेवारी
जिंकलो! चर्चचे पंच वैतागून कबूल झाले. पुढचा रविवार फक्त स्तोत्रांचा. मी १२१ निवडलं. रतनने विचारलं, चाल कुठली लावू? म्हटलं, मंडळीला येते ती कुठलीही लाव. शब्द महत्त्वाचे.

रविवार, २६ जानेवारी
पहिल्या रांगेत बसलो. रतनने १२१ च्या ओळी छान जुळवल्या होत्या. चाल होडीची.

त्याचा दोष नाही. मीच सांगितलं होतं. पहिल्या रांगेतून उठून जाता येत नाही, म्हणून गायलो. सगळी मंडळी स्तोत्र गात होती. होडीचे शब्द गाणारा चर्चमध्ये मी एकटाच. आपोआप येत गेले, शेवटच्या कडव्यापर्यंत.

घरी येऊन रडलो, बराच वेळ. मग जेवलो. मनालीने वांग्याचं भरीत पाठवलं होतं. मीठ जास्त झालंय.