अडुसष्ट किलो

आई,

दुरूनच तुझ्या पाया पडते. गुडघा कसा आहे? दादा तेल लावून देतो ना?

काल हेलिकॉप्टरचं लायसन्स हातात आलं. मी वेळेवर जेवते, झोपही लागते. काळजी करू नकोस.

उडण्याआधी आम्हाला एक कागद भरावा लागतो, कोणत्या सीटवर किती किलो. बाबांना त्याची भारी गंमत वाटायची. "पहिला पॅसेंजर मीच," म्हणत दर फोनला वजन सांगायचे, "अडुसष्ट. लिहून ठेव." गेल्या महिन्यात, ते गेले त्याच्या आदल्या दिवशीही अडुसष्टच म्हणाले. मी खरं धरलं आणि परीक्षेसाठी इथेच थांबले. आजारपणात ते चाळीस किलोवर आले होते, हे तू नंतर सांगितलंस. मी रागावले नाहीये.

आज पॅसेंजर न्यायची पहिल्यांदाच मुभा होती. शेजारच्या सीटपुढे हाताने आपोआप अडुसष्ट लिहिलं. सरांनी कागद बघितला, मग रिकामी सीट.

"कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

मी आकडा खोडला आणि एकटीच उडाले.

आता तू ये. त्याआधी तुझं वजन कळव. बाबांसारखं नको, खरं कळव.

तुझीच,
धाकटी