सुरमई चौथ्या फेरीलाच का थांबते

१० नोव्हें.
सुरमई साच्यातून निघाली. नाक सुटायला तयार नव्हतं, लाकडी ठोकळ्याने ठोकत ठोकत सोडवलं. वीस वर्षं मासेमारीच्या फायबर होड्या बांधल्या. एका माणसापुरती रेसची गाडी ही पहिलीच. बॉडी माझी, इंजिन ह्यांचं (जुन्या बाइकचं), चालवणार आमची केतकी.
काट्यावर ठेवली. ठरल्यापेक्षा नऊ किलो जास्त. हात होडीचाच, फायबरच्या मॅटचा एक थर जास्त पडतोच. हे हसले. "रस्त्याला लाटा नाय लागत गो." झोंबलं.
पेट्रोलची टाकी होडीचीच बसवली, लाल, बारा लिटरची, सीटमागे पट्ट्याने आवळून. कल्पना माझी. लिहून ठेवते, उद्या दुसऱ्या कोणाची व्हायला नको.

१७ नोव्हें.
सड्यावरच्या रिकाम्या रस्त्यावर चाचणी. टाकी ह्यांनी भरली, गाडी ह्यांनीच सुरू करून दिली. मी लांब, वळणावर, हातात घड्याळ. दहा फेऱ्या, एकदाही अडली नाही. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. मागची चाकं दोन बोटं रुंद घ्यायचं ठरलं.
केतकी उतरली ती लालबुंद होऊन, हसत. ह्यांनी "बरी गेली" एवढंच म्हटलं. ह्यांना पोरीने गाडीत बसायलाच नको आहे. पुण्याच्या नोकरीचं पत्र फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय, येता-जाता दिसावं म्हणून. शेवटी बापलेकीत ठरलं: चार शर्यतींत एकदा तरी पहिल्या तिनांत आली तर अजून एक वर्ष गाडी, नाहीतर जानेवारीत पुणं.
इतक्या सहज कबूल कसे झाले, कळत नाही.

१ डिसें.
पहिली शर्यत, घाटावर. होडीच्या ट्रेलरवरून गाडी नेली. सगळ्यांच्या गाड्या घरीच बांधलेल्या, तरी आमच्या नाकाकडे बघून "होडी आली" म्हणून हसले. हसा.
सहावी चालली होती. चौथ्या फेरीत सरळ रस्त्यावर आचके दिले आणि बंद. ढकलत आणली. ह्यांनी झाकण उघडून बघितलं, पेट्रोल भरपूर. बटण दाबलं, लगेच सुरू!
सकाळपासून गाडीला हात लावला तो ह्यांनी आणि मी. तिसरं कोणी नाही. मी तर फडकं घेऊन झेंडा पडेपर्यंत तिथेच होते.

८ डिसें.
हे आणि केतकी परत सड्यावर. पंधरा फेऱ्या, काही झालं नाही म्हणे. मी शेडमध्ये होते. "काही झालं नाही" सांगताना हे माझ्याकडे बघत नव्हते.

१५ डिसें.
दुसरी शर्यत. मला जाता आलं नाही, मालगुंडच्या गिऱ्हाइकाची होडी आजच पाण्यात उतरवायची होती. दुपारी केतकीचा फोन, नुसती ओरडत होती. दहाही फेऱ्या पूर्ण, पाचवी!
देवापुढे साखर ठेवली. मग बसून विचार केला. मी असताना बंद पडते, मी नसताना धावते. म्हणजे ती कशी धावते हे ह्यांच्या हातात आहे, आणि ह्यांना ती माझ्यासमोरच बंद पडायला हवी आहे. म्हणजे माझीच हौस जिरेल, पोरीला मीच सांगेन, बस झालं, जा पुण्याला. कुठेतरी पाणी मुरतंय.

२२ डिसें.
तिसरी. आज ह्यांच्यावरून नजर हटवली नाही. सगळं लिहून ठेवलं: प्लग दोनदा काढून बघितले. चेन सैल केली, परत आवळली. इंजिनापाशी वाकून एकटेच काहीतरी पुटपुटले. मी टाकी पुसत, काच पुसत, गाडीभोवतीच होते, डोळा मात्र ह्यांच्यावर.
केतकी तिसरी होती. तिसरी! आणि चौथ्या फेरीत त्याच जागी बंद.
वर सगळ्यांसमोर मलाच म्हणतात, "तुझ्या त्या नाकातून हवाच जात नाय. इंजिन गुदमरतंय." मग सड्यावर का नाही गुदमरत? मी ट्रेलरचे पट्टे आवळायला घेतले. घाट उतरायला लागलो. केतकी खिडकीकडे तोंड करून रडली, आम्हाला कळू न देता.

२३ डिसें.
बोलले. "तुम्हाला पोरगी पुण्याला घालवायचीय. तुम्हीच काहीतरी करता गाडीला."
हे हात धूत होते. साबण लावला, धुतला, परत लावला. "तुला असं वाटतं?"
"हो."
"बरं."
हे चिडले असते तर बरं झालं असतं. पिशवी भरली आणि हे दुपारच्या एसटीने हेदवीला, आपल्या बहिणीकडे. केतकी म्हणाली, आई, तू काय बोललीस बाबांना? जेवलीच नाही.

२५ डिसें.
हेदवीहून वन्संचा फोन. "वहिनी, विलास इथे गप्प बसून हाय. दशभुजा गणपतीला जाऊन येतो नि परत ओटीवर. काय झालंय काय?" म्हटलं, काही नाही, कामाचा ताण. गप्प आहेत म्हणजे मनात पाप आहे. नाहीतर माणूस आपली बाजू सांगतो.

२८ डिसें.
हे लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.
केतकीने २२ तारखेला मोबाइलवर घेतलेलं चित्रण दाखवलं, शर्यतीआधीचं. त्यात मी. बोलतेय, नजर ह्यांच्या पाठीवर, हातात फडकं. टाकी पुसते, आणि दोन बोटांनी झाकणावरचा स्क्रू आवळते.
होडीच्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. इंजिन चालताना तो उघडाच लागतो. बंद असेल तर आत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही, थोडं पळून इंजिन मरतं. झाकण उघडलं की परत सुरू. हे मला माहीत नाही? लहानपणी टाकी उचलायची तर बाबा आधी ओरडायचे, "स्क्रू!" पेट्रोल सांडलं की मासळीला वास. तेव्हापासून लाल टाकीला हात लागला की बोटं आपोआप फिरतात. १ तारखेला फडकं माझ्याच हातात होतं. १५ ला मी नव्हतेच.
केतकीच्या लक्षात आलं नाही. मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली, अजून वाटतेय.

२९ डिसें.
ह्यांना फोन केला. तोंडाशी आलेलं गिळलं. "रविवारी शेवटची शर्यत आहे. या."
"बघतो."
फोन ठेवला आणि दुसरंच डोक्यात आलं. हे बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. बंद पडलेली होडी आली की पहिला प्रश्न, "स्क्रू बघितलास का रे?" तीस वर्षं हेच. आणि आपल्याच गाडीचा बघितला नाही? की माझी बोटं दिसली आणि गप्प बसले?
माफी मागायची म्हणून फोन केला होता.

५ जाने.
हे हेदवीहून परस्पर घाटावर आले. केतकी धावत जाऊन बिलगली. माझ्याकडे बघून, "चहा झाला?" झाला म्हटलं.
मी एक वाईट काम केलं. गाडी रांगेत उभी राहिल्यावर, हे बघताहेत असं बघून, टाकी पुसली आणि स्क्रू आवळला. मुद्दाम. बघू काय करतात. नाही काही केलं, तर झेंडा पडायच्या आत मीच उघडणार होते.
तेवढ्यात शिट्टी. आज नवा नियम: गाडीपाशी एकच माणूस थांबेल, बाकी कठड्याबाहेर. शिट्टीवाल्याने मला हाताला धरून बाहेर काढलं. मी ओरडले, पण सगळी इंजिनं चालू, कोणाला ऐकू जाणार? हे वाकलेले. ह्यांची पाठच दिसत होती.
पोरीचं वर्ष मी एका स्क्रूवर लावलं. चौथ्या फेरीला डोळे मिटून घेतले.
गाड्या गेल्या. आवाज ओळखीचा. पाचवी फेरी. सहावी. दहावीला केतकी तिसरी.
ती कप घेऊन नाचत होती. मी ट्रेलरपाशी गेले. स्क्रू उघडा. हे पट्टे बांधत होते.
"तुम्ही उघडलात?"
"तू बंद केलास ना. बघितलं मी."
"आजच बघितलंत, की आधीपासून?"
ह्यांनी ट्रेलरची दोरी माझ्याकडे टाकली. "आवळ."
आवळली. हे पलीकडून गाठ मारत होते, आणि मध्ये सुरमई होती.