अकराव्या रकान्यातलं ‘नाही’

प्रिय आबा,

दंडवत. आणि दंडवताच्या मागोमाग लगेच तक्रार, कारण मी सध्या तुमच्यावर रागावलेलो आहे. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या तोंडावर बापाला रागाचं पत्र लिहिणारा मुलगा तुमच्याच नशिबी यायचा होता!

आज शनिवार. सोमवारी सकाळी मला जालन्याच्या एमआयडीसीत, तुमच्या त्या बियाण्याच्या कंपनीत एक फॉर्म नेऊन द्यायचाय. त्यांच्या शीतगृहाला मेकॅनिक पाहिजे. मी सतरा वर्षं फौजेत रेफ्रिजरेशन मेकॅनिकचंच काम केलं आणि हवालदार म्हणून सुटून आलो. सगळा फॉर्म भरून झालाय, अकरावा रकाना तेवढा रिकामा आहे. ‘माजी सैनिक आहात काय? होय / नाही.’ त्याच्या खाली बारीक अक्षरांत छापलंय, ‘होय असल्यास अर्ज सुरक्षा विभागाकडे वर्ग करावा.’

हा रकाना तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. त्याची तुमची जुनी ओळख आहे, हे मला मंगळवारी कळलं.

मंगळवारी फॉर्म आणायला गेलो होतो. नोकरभरतीचं बघणाऱ्या मॅडम चांगल्या वाटल्या. माझ्या कागदावरचं आडनाव आणि गाव बघून म्हणाल्या, “टेंभुर्णीचे? मग ते जुने मेकॅनिक काका तुमचे कोण?” वडील म्हटल्यावर त्यांनी कौतुकानं तुमची फाइल काढून आणली. पहिल्याच पानावर तुमचा फोटो, बिनमिशीचा. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी जरा जास्तच बोलतो हे तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, “मॅडम, आमच्या घरात दोन पिढ्या फौजी. आबासुद्धा सैन्यातून सुटूनच इथं लागले होते.”

त्यांनी पान उलटलं आणि बोट एका ओळीवर ठेवून थांबल्या. “इथं तर ‘नाही’ लिहिलंय.”

आबा, तुमचं अक्षर! ‘ना’चा काना खालपर्यंत ओढायची तुमची खोड मी हजार माणसांत ओळखीन. पुढे अनुभवाच्या रकान्यात लिहिलेलं, ‘शेती. गावातली ऑइल इंजिनं दुरुस्त करतो.’ आणि फौजेतली तुमचीही सतरा वर्षं? गाड्या, जनरेटर, नायकाची फीत? कुठेच काही नाही! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, नोट खरी की खोटी बघतात तसं. “नक्की फौजेत होते ना ते?”

“नक्की होते.”

“मग त्यांनी असं का लिहिलं असेल?”

काय सांगायचं होतं मी? माझा बाप खोटं बोलला की मी बोलतोय?

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात काय काय आलं ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. फौजी माणूस सुटताना मिळालेलं आपलं डिस्चार्ज बुक लपवतो तेव्हा दुसऱ्या फौजीला एकच शंका येते, की त्यात लाल शाईची नोंद असणार. काहीतरी भानगड केली, शिक्षा झाली, घरी पाठवलं. गाव तुम्हाला ‘मेजर’ म्हणायचं. नायकालाही मेजर आणि शिपायालाही मेजर, गावाला काय फरक पडतो! पण तुमचे कागद कुणी पाहिले होते? मीसुद्धा नाही.

घरी आलो आणि आई शेजारी गेली तेवढ्यात आतून कडी लावून तुमची ट्रंक उघडली. छत्तीस वर्षांचा घोडा, मेलेल्या बापाची झडती घेतोय! डिस्चार्ज बुक कापडात गुंडाळून तळाशी ठेवलेलं होतं. चारित्र्याच्या पुढे ‘एक्झेम्प्लरी’. याहून वरचा शेरा फौजेत नाही. लाल शाईचा ठिपकाही नाही. एका पानावर ट्रेड, म्हणजे फौजेत शिकलेलं काम, लिहिलेला आणि त्यापुढे सिव्हिलमधलं त्याच तोडीचं काम, ‘डिझेल मेकॅनिक’. शिक्क्यासकट.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण संशय आणखी वाढला. चोरी नाही, मारी नाही, मग लपवलं कशाला? लाज वाटत होती? ज्या वर्दीसाठी तुम्ही मला राजूरच्या रस्त्यानं पहाटे पळवलंत, मागून सायकलवर येऊन ‘पाय उचल, पाय उचल’ ओरडलात, त्या वर्दीची तुम्हाला लाज वाटत होती?

एकदा संशय आला की माणूस मागचं सगळं उकरत बसतो. मला तुमची मिशी आठवली. मी सात-आठ वर्षांचा असेन. शाळेतून आलो तर ओट्यावर एक अनोळखी माणूस बसलेला. ओठावरची जागा पांढरीफटक. तुम्ही हाक मारलीत आणि मी भोकाड पसरलं. मिशी का काढली विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “उकाडा लई होतो.” आबा, तेव्हा दिवाळीची थंडी होती!

मग भिंतीवरचा फोटो आठवला. वर्दीतला, आईनं दर सणाला पुसलेला. कंपनीतले चौघं जण एकदा आपल्याकडे जेवायला आले होते. त्या दिवशी फोटोच्या जागी कॅलेंडर होतं. दुसऱ्या दिवशी फोटो परत जाग्यावर. आणि तुम्ही मला एकदा कंपनी दाखवायला नेलं होतंत. गेटवर बंदूकवाला दिसला म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, “आबा, तुमची बंदूक कुठंय?” तुम्ही माझा हात इतका दाबलात की मला तो अजून आठवतो.

फौजी असल्याचा बाहेर काय अनुभव येतो, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. सुटून आल्यापासून तीन ठिकाणी गेलो. एका दवाखान्याला लसींच्या शीतखोलीसाठी माणूस हवा होता. साहेबानं कागद पाहिले, ‘एक्स-सर्व्हिसमन’ दिसल्याबरोबर विचारलं, “उंची किती?” आता फ्रीजपेक्षा मेकॅनिक उंच लागतो की काय! दुसऱ्यानं विचारलं, “बंदुकीचा परवाना आहे का?” तिसरा हॉटेलवाला तर खूशच झाला. “वा, फौजी! तुमच्यासारखा रुबाबदार माणूस दारात पाहिजेच.” मी म्हटलं, साहेब, मी तुमचा डीप फ्रीझर दुरुस्त करायला आलोय. तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मान सगळे देतात हो, चहासुद्धा पाजतात. पण बुकाचं ते ट्रेडचं पान आजवर एकानंही उलटलेलं नाही.

इतकं सगळं स्वतः भोगूनही तुमच्या ‘नाही’चा अर्थ मला लागला नाही. वाटलं, बापाचं कारण काही वेगळंच असणार. शेवटी गुरुवारी मंठ्याला गेलो, साळवे काकांकडे. तुमच्या कंपनीच्या गेटवर पंचवीस वर्षं उभे राहिलेले, स्वतः फौजी. तुमचं काही काळंबेरं असेल तर त्यांना माहीत असणार, असा माझा हिशेब. मी आडून आडून विचारायला लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

“तुह्या बापानं पहिल्यांदा ‘होय’च लिवलं होतं, पोरा. म्या सोता पाह्यलं. डिस्चार्ज बुक घेऊन आल्ता, इस्त्रीचे कपडे, मिशीला पीळ. सायबानं बुक उघडलं बी न्हाई. उंची इचारली अन् मला म्हणला, साळवे, याला एक शिट्टी दे. म्या शिट्टी दिली. तुह्या बापानं ती टेबलावर ठिवली, सलाम ठोकला अन् निघून गेला.”

“मग?”

“मंग म्हैन्यानं परत आल्ता. धोतर, टोपी, मिशी न्हाई. सायबानं बिलकुल वळखलं न्हाई, पण म्या बराबर वळखलं. त्यानं बी माह्याकडं पाह्यलं. दोघं बी काहीच बोललो न्हाई.”

“तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाही?”

“काय म्हणून सांगू? आमच्यातला एक तरी आत गेल्ता ना!”

मग ते म्हणाले, “म्या फौजेत वायरलेसवर होतो. कुणाला ठावं हाय?” मला ठाऊक नव्हतं, आबा. लहानपणापासून मी त्यांना गेटवाले काका म्हणूनच ओळखतो. मीही त्यांचं ते पान कधी उलटलं नाही.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकायला नको होती असं वाटतं. “पंधरा ऑगस्टला झेंड्याला सगळे उभे राह्यचे. तुहा बाप पार मागं, मेकॅनिक लोकांत. मुद्दाम वाकडा उभा राह्यचा, एका पायावर भार देऊन. सावधानमदी उभा राह्यला तर कुणी वळखंल ना! म्या समोरून पाहून राह्यलो, तर त्याच्या पायाची नस नस ताणलेली. लई जड जायचं त्याला.”

मी मंठ्याच्या स्टँडवर येऊन रडलो. सांगायला लाज कसली?

घरी आलो. आई तूर निवडत बसली होती. सरळ विचारलं, “आई, आबांनी मिशी का काढली होती?”

“उकाड्यानं.”

“दिवाळीत?”

तिनं सूप खाली ठेवलं. “म्याच काढाय लावली. दोन दिस जेवले न्हाईत त्या शिट्टीपायी. म्या म्हणलं, तुमची फौज ठिवा ट्रंकात अन् नुसते हात घेऊन जा. मंग लागले ना कामाला?” म्हणजे कटाची सूत्रधार ही! फोटोवर कॅलेंडर लावणारीही हीच. मी उगाच तुमच्या एकट्याच्या मागे लागलो होतो.

“पण आई, त्यांना लाज वाटायची का गं फौजेची?”

“लाज?” ती माझ्यावर खेकसलीच. “लाज असती तर तुला धाडलं असतं का? दर सोमवारी जालन्याला निघताना त्या फोटोम्होरं उभं राह्यचे. म्हणायचे, तू थांब घरी, म्या जाऊन येतो.”

आबा, हे मला का नाही सांगितलंत? मी सुट्टीवर यायचो, वर्दीत गावभर मिरवायचो. तुम्ही नुसते बघत बसायचात. एकदा तरी म्हणायचं होतंत, विष्णू, बाहेर गेल्यावर ही वर्दी तुला आत जाऊ देणार नाही. का मला सांगितलं तर मी भरतीलाच जाणार नाही, अशी भीती वाटली? आणि भरतीच्या वेळी “हाताचं काम माग, नुसती बंदूक मागू नको” असं जे तुम्ही मला तीन-तीनदा बजावलं होतंत, ते काय होतं? मला दाट संशय आहे की तुम्हाला तेव्हाच सगळं दिसत होतं. या संशयाचं उत्तर द्यायला आता तुम्ही नाही, म्हणून तुमच्यावर जास्तच राग येतो.

आई म्हणते, तूही ‘नाही’ लिही. काल आरशासमोर वस्तरा आणून ठेवला होता तिनं, गुपचूप. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? हे काम मला हवंय, आबा. शीतगृहाच्या बाहेर उभा राहिलो होतो मंगळवारी. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला, त्याचं एक बेअरिंग गेलेलं आहे. आत कुणाला अजून कळलेलं नाही. मिशीच्या बदल्यात मी आत असेन आणि महिनाभरात तो आवाज बंद करीन. ‘होय’ लिहिलं तर बहुतेक त्याच आवाजाच्या बाहेर शिट्टी घेऊन उभा राहायची वेळ येईल, नाहीतर घरी.

पण मला एका पायावर उभं राहता येणार नाही. तुम्ही ते इतकी वर्षं केलंत. माझ्यात तेवढं बळ नाही.

तेव्हा हा शब्द देतो. सोमवारी अकराव्या रकान्यात ‘होय’ लिहीन. खालची ती बारीक ओळ पेनानं खोडून तिथं लिहीन, ‘अर्ज शीतगृह विभागाकडे वर्ग करावा.’ बुकाचं ट्रेडचं पान सगळ्यात वर लावीन आणि ते वाचेपर्यंत मॅडमच्या टेबलासमोरून हलणार नाही. बेअरिंगचंही सांगीन. शिट्टी दिली तर तुमच्यासारखीच टेबलावर ठेवीन, सलाम ठोकीन, आणि महिन्यानं याच मिशीसह पुन्हा अर्ज घेऊन जाईन.

आणि फॉर्मात ‘वडिलांचा व्यवसाय’ असाही एक रकाना आहे. तिथं लिहीन, ‘भारतीय सेनेत नायक, नंतर याच कंपनीत मेकॅनिक.’ मॅडमनी तुमची जुनी फाइल पुढे केली तर मिशीपासून सगळं सांगीन. तुम्हाला आता भ्यायचं कारण नाही, आबा. तुमची बदली गेटवर करायची आता कुणाची टाप नाही. पाय जुळवा आणि सरळ उभे राहा.

तुमचा,
विष्णू
हवालदार, निवृत्त. रेफ्रिजरेशन मेकॅनिक.